भाषाविज्ञानाचा पेपर आणि पाचवीच्या वह्या

एम.ए. मराठीला भाषाविज्ञानाचा एक पेपर असतो आणि बहुतेक जण तो सुटण्यापुरताच करतात. साहित्याचे पेपर आवडीने वाचायचे आणि भाषाविज्ञानाला गाईडमधल्या व्याख्या पाठ करायच्या, ही सर्वसाधारण रीत. नोकरी सांभाळून मी बहिःस्थ म्हणून एम.ए. करत होते तेव्हा मलाही अनेकांनी हाच सल्ला दिला. पण दिवसा मी नाशिकला सिडको आणि अंबडच्या मधल्या एका शाळेत पाचवी ते आठवीला मराठी शिकवत होते, आणि रात्री वाचलेलं प्रकरण दुसऱ्या दिवशी वर्गात समोर उभं राहायचं. परीक्षा झाली, गुणपत्रिका आली, तरी तो विषय माझ्यापासून सुटला नाही. आजही सुटलेला नाही.

आमच्या शाळेची मुलं कुठली, हे आधी सांगायला हवं, कारण सगळं त्यावर उभं आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांमुळे इथे माणसं चहूकडून आली. कसमादे पट्ट्यातून, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा इकडून आलेल्या आणि धुळे-जळगावहून आलेल्या घरांत अहिराणी बोलतात. पेठ-सुरगाण्याकडची काही मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांची मुलं आहेत, त्यांच्या घरात भोजपुरी किंवा हिंदी. शिवाय पिढ्यानपिढ्या नाशिकचीच असलेली मुलं. हजेरीपटावर सगळ्यांची 'माध्यम : मराठी' अशी एकच नोंद असते. वर्गात मात्र चार-पाच व्याकरणं बाकावर बसलेली असतात.

पहिली ओढ लागली ती ध्वनिविचाराची. पुस्तकात ओठ, दात, दंतमूळ, टाळू यांची आकृती होती आणि कोणता ध्वनी कुठे अडतो याचं वर्णन होतं. ते वाचताना मी स्वयंपाकघरात उभी राहून क, च, ट, त, प म्हणत जीभ कुठे टेकते ते पाहत होते. मागून पुढे, घशाकडून ओठांकडे. लहानपणापासून तोंडपाठ असलेली वर्णमाला म्हणजे तोंडाच्या आतल्या जागांचा क्रमवार तक्ता आहे, आणि हे आपल्याकडच्या प्राचीन वैयाकरणांनी निव्वळ निरीक्षणावर मांडलं, हे मला तोवर कोणी समजावून सांगितलं नव्हतं. डी.एड.ला नाही, बी.एड.लाही नाही. मुलांना मी आता पहिल्याच आठवड्यात हे करायला लावते. तळहात तोंडासमोर धरून आधी 'प' म्हणायचं, मग 'फ'. हाताला हवा कुठे लागते ते सांगायचं. गळ्यावर बोटं ठेवून 'स' आणि मग 'ज़'सारखा 'ज' लांबवायचा. कंप कुठे जाणवतो ते सांगायचं. पाचवीची मुलं यात इतकी रमतात की तास संपल्याची घंटा त्यांना नकोशी होते.

मग आला आपला च, ज, झ यांचा दुहेरी उच्चार. 'चार' आकड्यातला च वेगळा आणि गुरांच्या 'चारा'तला वेगळा, हे प्रत्येक मराठी माणसाला कानाने ठाऊक असतं. लिपीत अक्षर एकच. 'चार'मधल्याला तालव्य म्हणतात, म्हणजे जीभ टाळूला टेकून होणारा, आणि 'चारा'तल्याला दंततालव्य, म्हणजे दातांजवळ होणारा. मला थक्क केलं ते 'माझा' आणि 'माझी' या जोडीने. 'माझा' म्हणताना झ दंततालव्य असतो. 'माझी' म्हणताच तोच झ तालव्य होतो. 'घरचा' आणि 'घरची' म्हणून पाहा, तसंच होतं. पुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ टाळूकडे सरकते. हा नियम कुठल्या आईने बाळाला शिकवला? कोणीच नाही. तरी तीन वर्षांचं मराठी मूल तो पाळतं. माझ्या वर्गातली हिंदी बोलणारी मुलं 'माझा'तला झसुद्धा तालव्यच म्हणायची आणि बाकीची मुलं हसायची. हसणाऱ्या मुलांनाही आपण काय वेगळं करतो ते सांगता येत नव्हतं. मी फळ्यावर दोन रकाने काढले, मुलांनी कानाने ऐकून शब्द त्यात घातले आणि नियम त्यांनीच शोधला. एकदा नियम सर्वांना दिसला की हसणं थांबतं, कारण मग तो कोणाच्या हुशारीचा प्रश्न राहत नाही.

या अभ्यासाचा खरा उपयोग वह्या तपासताना झाला. लाल पेनाने गोल करून वर बरोबर रूप लिहायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. 1967 साली पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने एक मांडणी केली, तिच्याविषयी वाचलं आणि मला ती फार पटली. घाईत, थकव्यात हातून होते ती चूक वेगळी, आणि शिकणाऱ्याच्या मनात त्या घडीला जो नियम तयार झालेला आहे त्यातून येते ती वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे शिक्षकाला मिळालेली माहिती. मूल कुठवर आलं आहे ते तीच सांगते. पुढे 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला अंतरभाषा म्हटलं : मातृभाषा नाही, अजून शिकायची भाषाही नाही, पण स्वतःचे नियम असलेली एक व्यवस्था.

अंबडच्या एका कारखान्यातल्या कामगाराच्या मुलीची वही माझ्यासमोर होती. निबंध 'माझे घर' या विषयावर. तिने लिहिलं होतं : 'माझा घर छोटा आहे. घरासमोर मोठा झाड आहे. नळाला पाणी थंडा येतो. माझी पुस्तक नवी आहे. माझी शाळा जवळ आहे.' नेहमीच्या पद्धतीने पाहिलं तर पानभर लाल गोल आणि 'लिंग-वचनाकडे लक्ष द्या' असा शेरा. मी ती वाक्यं एका कागदावर उतरवून समोर हिंदी शब्द लिहिले. घर, पेड़, पानी हिंदीत पुल्लिंगी. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी. मुलीने एकही लिंग अंदाजाने ठोकलेलं नव्हतं. हिंदीत दोनच लिंगं आहेत, मराठीत तीन; जे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत तेवढेच तिचे चुकले होते आणि ते सगळेच्या सगळे हिंदीच्या लिंगाप्रमाणे होते. शाळा दोन्हीकडे स्त्रीलिंगी, म्हणून ते वाक्य बिनचूक. म्हणजे तिला 'लिंग' शिकवायचं नव्हतं. तिसरं लिंग असतं एवढंच सांगायचं होतं, आणि त्या लिंगाचे रोजचे शब्द 'ते'सकट तोंडात बसवायचे होते : ते घर, ते झाड, ते पाणी, ते पुस्तक, ते दूध.

तिथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपण बोलतो 'माझं घर', पण पुस्तकात छापलेलं असतं 'माझे घर'. मराठी घरातल्या मुलाला हे दोन्ही एकच आहेत हे कानामुळे कळतं. हिंदीतून येणाऱ्या मुलाला 'माझे' दिसलं की 'मेरे' आठवतो आणि तो ते अनेकवचन समजतो. ज्या रूपातून त्याला नपुंसकलिंग कळायचं, तेच रूप त्याला उलट दिशेला नेतं. म्हणून या मुलांबरोबर मी आधी बोलण्यातलं 'माझं, तुझं, मोठं, थंड, केलं, गेलं' पक्कं करते आणि लेखी 'माझे, केले, गेले' त्यानंतर. अभ्यासक्रमात असा क्रम नाही. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बर्को या अमेरिकन संशोधक बाईंचा 1958 सालचा एक प्रयोग पेपरात दोन ओळींत उल्लेखलेला होता. लहान मुलांना बनावट शब्द देऊन त्यांचं अनेकवचन करायला लावायचं. शब्द कधीच ऐकलेला नसल्याने पाठांतराचा प्रश्नच नाही, मूल उत्तर देतं ते नियमानेच. मी वर्गात एक काल्पनिक प्राणी फळ्यावर काढला आणि सांगितलं, "हा लुमका. आता दोन आले. हे दोन कोण?" सगळा वर्ग ओरडला, "लुमके!" मग विचारलं, "एका लुमक्... त्याला गूळ दिला. कोणाला गूळ दिला?" बहुतेक मुलं म्हणाली, "लुमक्याला." मागच्या बाकावरची दोन मुलं म्हणाली, "लुमकेला." आणि इंग्रजी शाळेतून नुकताच आमच्याकडे आलेला एक मुलगा म्हणाला, "लुमकाला."

या तीन उत्तरांनी मला जेवढं शिकवलं तेवढं एखाद्या चाचणी परीक्षेने शिकवलं नसतं. 'लुमक्याला' म्हणणाऱ्यांकडे मराठीचं सामान्यरूप पक्कं आहे; त्यांना त्याचं नाव माहीत नसलं तरी काही बिघडत नाही. 'लुमकेला' म्हणणारी दोन्ही मुलं हिंदी घरांतली. प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो हे त्यांना उत्तम कळतं, फक्त बदल हिंदीचा आहे : घोड़े को, लड़के को. त्यांना 'ए'च्या जागी 'या' करायचं एवढंच शिकायचं. 'लुमकाला' म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र शब्द बदलतो हीच गोष्ट रुजायची होती, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागणार होता. तपासणीत 'लुमकेला' आणि 'लुमकाला' या दोन्ही उत्तरांना सारखाच लाल गोल मिळाला असता.

'मीने'चंही तसंच. 'मीने गृहपाठ केला' हे वाक्य मराठी घरातल्या मुलांच्या वहीतही येतं आणि हिंदी घरातल्या मुलांच्याही. मराठी मूल रामाने, आईने, त्याने, तिने यांच्या ओळीत 'मी'ला बसवतं. त्याचं तर्कशास्त्र चोख असतं. उलट मराठीच इथे अनियमित आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालतं (मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली) पण 'मी'ला आणि 'तू'ला 'ने' लागत नाही. हिंदी मूल सरळ 'मैंने'वरून येतं. एकाला अपवाद दाखवायचा, दुसऱ्याला दोन भाषांतला फरक. लहान मुलांच्या 'करला', 'येला' या रूपांकडेही मी आता याच नजरेने पाहते. बस-बसला, उठ-उठला, मग कर-करला. भूतकाळाचा नियम मुलाला सापडला आहे याचा तो पुरावा असतो, आणि पालकसभेत आईवडील काळजीने विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते.

पेपरासाठी एक छोटा प्रकल्प करायचा होता. मी अहिराणी निवडली आणि त्रिमूर्ती चौकाजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आजीकडे गेले. मूळच्या सटाण्याकडच्या. त्यांना आधी वाटलं नातवाची तक्रार घेऊन आले आहे. "हाऊ मना नातू शे, बाई, काय करं त्यानी?" असं काळजीने म्हणाल्या. तक्रार नाही, तुमची भाषा लिहून घ्यायला आले आहे म्हटल्यावर त्यांना पटायलाच वेळ लागला. "आमनी भाषा काय लिखतीस?" पण एकदा बोलायला लागल्या आणि मी वही भरत गेले. 'माझा'ला मना, 'तुझी'ला तुनी. 'चा-ची' ऐवजी 'ना-नी', गुजरातीच्या अंगाने जाणारं. 'आहे'ला शे. 'डोळा'चा डोया, 'काळा'चा काया, ळच्या जागी य. 'जातो' आणि 'जाते' असा भेदच नाही. तो जास, ती जास.

घरी येऊन मी ती वही नीट लावली तेव्हा दिसलं की हे सगळं नियमबद्ध आहे. कुठेही 'मोडकी मराठी' नाही. इंग्रजी राजवटीत ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीची, म्हणजे जिच्यात अहिराणी मोजतात तिची, नोंद मराठीच्या खंडात नाही. 1907 साली निघालेल्या भागात ती भिल्ली भाषांबरोबर आहे. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजली गेली आहे आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारे 18 लाखांहून अधिक लोक आहेत. अहिराणीला मराठीची बोली म्हणावं की स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझ्यापुरतं एवढंच, की 'ती जास' म्हणणाऱ्या घरातलं मूल 'ताई शाळेत जातो' लिहितं तेव्हा त्याच्या घरच्या भाषेत नसलेला भेद त्याला नव्याने शिकायचा आहे, हे मला माहीत असलं पाहिजे. आजींकडून घेतलेल्या शब्दांचा तक्ता मी वर्गात लावला. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, नाशिकच्या प्रत्येक शाळेत भाषणं होतात. त्या वर्षी आमच्या वर्गात मुलांनी आपापल्या घरच्या भाषेत एकेक गोष्ट सांगितली. एरवी तोंड न उघडणारा त्या आजींचा नातू सर्वांत जास्त वेळ बोलला.

यावर सहकाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : मग काहीही लिहिलं तरी चालेल का? प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर स्पष्ट आहे. चालणार नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा, अर्ज, मुलाखत, वर्तमानपत्र, सगळीकडे प्रमाण मराठी लागते, आणि ती गरीब घरातल्या मुलालाच सर्वांत जास्त लागते, कारण त्याच्याकडे दुसरा आधार नसतो. भाषाविज्ञान शिकल्यापासून मी प्रमाणभाषा जास्त काटेकोरपणे शिकवते. फरक इतकाच की घरची भाषा पुसून ती जागा रिकामी करायची, असं मी करत नाही. 'पानी' नको, 'पाणी' म्हण, असं नुसतं टोकत राहिलं की मूल ण हा मानाचा वर्ण समजतं आणि मग 'माझ्या मणात आणंद झाला' असं लिहितं. त्यापेक्षा ण आणि न यांनी अर्थ कुठे बदलतो ते दाखवलं, मन आणि मण, वन आणि वण, तर मुलाला ण कशासाठी हवा ते कळतं.

शुद्धलेखनाचंही पूर्वी फक्त 'नियम आहे म्हणून' असं व्हायचं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जे 1840 सालापासूनचं आहे, जुनी पुस्तकं चाळताना 'नांव', 'पांच', 'घरांत' अशी रूपं पानोपानी दिसतात. 1962 च्या नियमांनी उच्चारात नसलेले हे अनुस्वार काढले. माझ्या आजोबांची पत्रं त्या जुन्या पद्धतीची आहेत आणि त्यांचं मराठी उत्तम होतं. लेखन हा समाजाने केलेला करार आहे, तो बदलतो, आणि आज जो आहे तो पाळायचा असतो, हे सातवीच्या मुलांना अगदी सहज कळतं. 'कर्तो', 'बोल्तो' लिहिणाऱ्या मुलाला मी आधी सांगते की तुझा कान बरोबर आहे, मधला अ आपण बोलत नाही. पण 'करणे', 'बोलणे' या रूपांशी नातं दिसावं म्हणून लिहिताना तो ठेवतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला र दोन तऱ्हांनी का लिहायचा, हेही टाळ्या वाजवून शिकवते. 'दर्या'त र पहिल्या टाळीत पडतो, 'दऱ्या'त दुसऱ्या. ज्यांना वर्षानुवर्षं रफार कुठे द्यायचा ते उमगत नव्हतं, त्यांना हे एका तासात जमलं.

सगळंच सोपं नव्हतं. मराठीतली भाषाविज्ञानाची पुस्तकं जड आहेत. अर्थ बदलणाऱ्या ध्वनीला एका ठिकाणी स्वनिम म्हटलेलं, दुसरीकडे ध्वनिम, आणि उदाहरणं बऱ्याचदा संस्कृतची नाही तर इंग्रजीची. कामाच्या दिवसाच्या शेवटी ते वाचायला चिकाटी लागते. पाठ्यपुस्तक संपवायचं दडपण असतं, वर्गात पटसंख्या मोठी असते, प्रत्येक वहीमागचा नियम शोधत बसायला वेळ मिळत नाही. मी फक्त वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचं एक पान असं वाचते आणि कोणाच्या वहीत कुठली व्यवस्था दिसते ते मागच्या पानावर टिपून ठेवते.

शिक्षक-प्रशिक्षणात पाठ टाचण, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन यांना भरपूर जागा आहे. भाषा शिकवणाऱ्या माणसाला भाषा कशी चालते हे शिकवायला मात्र फार थोडी. नाशिक जिल्ह्यात नेमणूक होणाऱ्या शिक्षकाला अहिराणी आणि कोकणाची निदान तोंडओळख करून द्यावी, हिंदी-मराठीतले लिंग आणि सामान्यरूप यांचे फरक सांगावेत, उच्चारस्थानांचा एक तास प्रत्यक्ष तोंड वापरून घ्यावा. यासाठी वेगळी पदवी लागत नाही.

सुरगाण्याच्या एका आश्रमशाळेत शिकवणारी माझी एक मैत्रीण सध्या मुलांकडून कोकणा बोलीतली रोजची वाक्यं गोळा करते आहे. तिच्या वहीतली क्रियापदं मला अजून नीट लागलेली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत ती नाशिकला आली की आम्ही दोघी ती वही घेऊन बसणार आहोत, आणि तिच्या वर्गातली दोन मोठी मुलंही येणार आहेत, कारण आम्ही चुकीचं लिहून घेतलं असेल तर ते तीच सांगू शकतील.